मावशीने नापास केलेलं गाणं

ते गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. नाही म्हणूच नका! लिफ्टमध्ये ऐकलं असेल, केस कापून घेताना ऐकलं असेल, नाहीतर एखाद्या बक्षीस समारंभात कुणीतरी छाती फुगवून स्टेजवर चढत असताना ऐकलं असेल. 'सगळे मला ओळखतात' असं तो गायक जीव तोडून ओरडतो, मागे गिटार नुसती पेटलेली असते, आणि तिसरं कडवं संपलं की सगळं एकदम थांबतं. श्वासभर काहीच नाही. मग ठक! आणि पुन्हा अख्खा बँड अंगावर येतो.

तो ठक म्हणजे नक्की काय, यावरून एकेचाळीस वर्षं लोकांनी एकमेकांची डोकी खाल्ली आहेत. कुणी म्हणतं न्यायाधीशाचा हातोडा, म्हणजे लोकांनी मोठ्या माणसाला दिलेली शिक्षा. कुणी म्हणतं हॉटेलच्या खोलीचं दार, म्हणजे प्रसिद्ध माणसाचा एकटेपणा. मी ज्या दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट देते, तिथल्या डॉक्टरांचं मत असं, की गायकाने चिडून गिटार आपटली. रुग्णाचं तोंड उघडं असताना ते हे सांगतात, त्यामुळे त्यांना आजवर कुणी विरोध केलेला नाही.

मीही केला नाही. कारण आमच्या घरात ते गाणं वर्ज्य होतं. दुकानात ते लागलं की माझी मावशी अर्धी भाजी तशीच टाकून बाहेर पडायची. शेजाऱ्यांकडे लागलं की खिडकी बंद. लहानपणी मी एकदा ते गुणगुणले, तर आईने मला असा चिमटा काढला की अजून आठवतो. त्या ठकमुळे मावशीची नोकरी गेली होती.

मावशी गाण्यांच्या तबकड्यांच्या कारखान्यात होती. एकोणिसाव्या वर्षी लागली, सत्ताविसाव्या वर्षी तिला काढलं. गरम काळा गोळा दोन साच्यांत दाबायचा की झाली तबकडी, अशी सोळा यंत्रं खालच्या मजल्यावर दिवसभर धापा टाकत असायची. प्रत्येक यंत्रावरची एक तबकडी दर अर्ध्या तासाने वरच्या ऐकण्याच्या खोलीत यायची. त्या खोलीत चार कप्पे, चार बायका, कानाला हेडफोन. धूळ नको म्हणून चपला बाहेर. तबकडी लावायची, डोळे मिटायचे आणि दोष शोधायचा. बारीक किट्, खरखर, घासल्यासारखा आवाज. सापडला की जाड कागदाच्या कार्डावर किती मिनिटं किती सेकंद ते लिहायचं, आवाज कसला ते लिहायचं आणि शिक्का मारायचा. पास किंवा नापास. चार वेगवेगळ्या तबकड्यांत एकाच जागी दोष सापडला तर तो साच्याचा दोष. मग ती यंत्रं बंद.

मावशीला तिथे सगळे 'मांजर' म्हणायचे. तिचे कानच तसले. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अजून सांगतात, "हिच्यापासून लपून काही खायची सोय नाही. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून बरणी उघडली तरी ही पलंगावरून ओरडते, ती नको, उद्याला लागणार आहे!"

आता गंमत ऐका. आठ वर्षं रोज साठ-सत्तर तबकड्या ऐकून मावशीला एकही गाणं येत नव्हतं! मी विचारायचे, अगं, एक तरी चाल लक्षात राहिली असेल की. ती म्हणायची, "गाणं ऐकायला लागलं की दोष निसटतो. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाण्याकडे लक्ष द्यायचं नाही." आणि मावशीला एकदा सांगितलं की संपलं. लग्नातसुद्धा तिने बँडवाल्यांना सांगितलं होतं म्हणे, तुमच्या ढोलाची डावी बाजू सैल आहे.

तर त्या गाण्याची तबकडी तिच्यापुढे आली. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर ठक. दुसरी तबकडी, ठक. सोळाही यंत्रांवरच्या तबकड्या, ठक. गाण्यात मुद्दाम घातलेले असे आवाज असले तर स्टुडिओवाले आधी चिठ्ठी पाठवायचे, की बाबांनो, इथे कुत्रं भुंकेल, इथे दार वाजेल, घाबरू नका. या वेळी चिठ्ठी नव्हती. मावशीने नियमाप्रमाणे नापासचा शिक्का मारला आणि सोळा यंत्रं बंद पडली. दुकानांबाहेर पोरं रांगा लावून उभी, आणि इथे दीड दिवस कारखाना थंड! शेवटी स्टुडिओतून फोन आला. तो आवाज गाण्याचाच भाग आहे, शहाण्यांनो, छापा.

दीड दिवसाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं होतं. तपासणीच्या साहेबांनी सगळ्यांना खाली गोळा केलं आणि मावशीचं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. तिने आवाजाच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते ऐकून अख्खा मजला हसला. तिने लिहिलं होतं, की हा शिक्का मारल्याचा आवाज आहे. "शिक्का म्हणे! गाण्यात कोण शिक्के मारतं हो बाई?" तिला जो कागद हातात दिला, त्यावर कारण लिहिलं होतं, 'श्रवणशक्ती कामास अपुरी'.

कान गेलेली मांजर! असल्या कागदानंतर दुसऱ्या कारखान्यात कोण उभं करणार? मावशी शिवणयंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात लागली, पुढे ते दुकान तिनेच चालवलं. बायका यंत्र घेऊन यायच्या, ही म्हणायची, "चालवा," आणि मान कलती करून ऐकायची. दहा टाके झाले की सांगायची, कापड पुढे ओढणारा खालचा दाता झिजलाय. यंत्र उघडायच्या आधी! आणि ते बरोबर निघायचं. तरी कधीतरी स्क्रूड्रायव्हर हातात धरून ती मध्येच थांबायची. "मला शिक्काच ऐकू आला होता गं." मी म्हणायचे, हो मावशी. लहान मुलांना म्हणतो तसं. माझाही विश्वास नव्हता, आता खोटं कशाला बोलू? मला त्याची आजही लाज वाटते.

या वर्षी तिला अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली. दोन महिन्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी उजवा कान अर्ध्याहून जास्त गेलाय असं सांगितलं. वयाप्रमाणे होतं, त्यात विशेष काही नाही, असंही सांगितलं. पण मावशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "साहेबांना तेव्हाच कळलं होतं. माझे कान आधीपासूनच बाद. उगाच मी एवढी वर्षं तोरा मिरवला." काकांनी विनोद करायचा प्रयत्न केला, पण तो पडला. त्याच आठवड्यात एका बाईचं यंत्र तिने तिला परत दिलं. म्हणाली, दुसरीकडे न्या, माझा भरवसा नाही. दुकान या महिनाअखेर बंद करायचं ठरवलं. चाळीस वर्षांच्या कामावर तिने स्वतःच नापासचा शिक्का मारला, आणि आम्हाला तो पुसता येईना.

आता मागच्या रविवारची सकाळ. मी इस्त्री करत होते, रेडिओ चालू होता. रविवारी एक कार्यक्रम असतो, एक गाणं घेतात आणि त्याचा अर्थ काय, ते जन्मलं कसं, हे उकलून सांगतात. निवेदकाने गाण्याचं नाव घेतलं आणि माझा हात सवयीने बटणाकडे गेला. मग लक्षात आलं, अरे, मावशी इथे कुठे आहे? राहू दे.

पाहुणे होते बँडचे ढोलवाले. गायक जाऊन सहा वर्षं झाली. ढोलवाले म्हातारे, पण बोलणं तरुण पोराचं. निवेदकाने विचारलं, हे बढाईचं गाणं आहे ना? ढोलवाले एवढ्या मोठ्याने हसले की रेडिओ खरखरला.

"बढाई? अहो, ते कुणीतरी नाव विचारावं म्हणून केलेलं गाणं आहे! पुढची ओळ कुणी ऐकतच नाही. 'सगळे मला ओळखतात, कुणीतरी नाव विचारा.' लोक पहिल्या अर्ध्यावरच नाचायला लागतात."

मी इस्त्री उभी केली. एकेचाळीस वर्षांत ती पुढची ओळ माझ्याही कानात शिरली नव्हती.

मग त्यांनी सांगितलं. बँड तेव्हा इतका गाजत होता, की गायकाला रस्त्यावर चालता येत नसे. हॉटेलात वही पुढे केली तरी कुणी नाव लिहू देत नसे, तुमचं कसलं नाव लिहायचं साहेब! तो खंगत चालला होता. त्यातच त्यांची आधीची एक तबकडी कारखान्याने दोष काढून तीनदा परत पाठवली. गायक भडकला आणि स्वतः तिकडे गेला. सगळा कारखाना यंत्रं सोडून त्याच्या मागे, साहेब लोक पुढे धावताहेत. तो तावातावाने वरच्या खोलीत घुसला. आत एक बाई डोळे मिटून बसलेली. तिने डोळे न उघडता हात वर केला, म्हणजे थांबा. आणि गाणं संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं!

डोळे मिटून? हात वर करून? अहो, आम्ही दुकानात गेलो की आमच्याशी ती रोज हेच करते!

"मग बाईंनी डोळे उघडले," ढोलवाले म्हणाले, "आणि पहिलं वाक्य काय? 'बूट बाहेर काढा.' त्याने काढले. म्हणाला, मला दोष ऐकायचाय. बाईंनी कार्ड पुढे ओढलं. नियम होता, खोलीत बाहेरचं कुणी ऐकायला बसलं तर त्याचं नाव लिहायचं. 'नाव?' हा हसला. 'मला सगळे ओळखतात.' बाई म्हणाल्या, 'मी ओळखत नाही. आणि ओळखत असते तरी कार्डाला ओळख चालत नाही, नाव लागतं.' त्याने नाव सांगितलं. स्टेजवरचं नाही, आईने ठेवलेलं. सात वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं, त्याला दोष ऐकवला, तो मान्य करून गप्प बसला, आणि त्यांनी धाडकन शिक्का मारला. स्टुडिओत परत आला तो नाचतच. वीस मिनिटांत गाणं लिहिलं."

"आणि तो ठक?" निवेदकाने विचारलं.

"तोच शिक्का! मी ढोलावर वाजवून बघितलं, लाकडावर वाजवलं, त्याला पटेना. शेवटी स्टुडिओच्या ऑफिसातला शिक्का आणला आणि माइकसमोर जाड कागदावर मारला. लोक आजही त्या ठोक्यासाठी माझी पाठ थोपटतात, आणि तो मी वाजवलेलाच नाही. आणि चिठ्ठी आम्ही मुद्दामच पाठवली नाही. तो म्हणाला, बघू या बाईंना कळतं का. आणि कळलं! जगात एकाच माणसाला कळलं. कारखान्याने त्यांचं कार्ड स्टुडिओला पाठवलं होतं, ते मी जपून ठेवलंय. वाचू?"

त्यांनी वाचलं. महिन्याभराने गायक त्या बाईंचे आभार मानायला पुन्हा गेला, तर साहेबांनी सांगितलं, त्या स्वतःहून नोकरी सोडून गेल्या, पत्ता माहीत नाही. जाईपर्यंत त्याला रुखरुख होती. कुणाला त्यांची माहिती असेल तर कळवा, असं निवेदक सांगत होते. मी ऐकायला थांबलेच नाही. इस्त्रीचा प्लग काढला एवढीच अक्कल शाबूत होती. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची, अशी मी दोन गल्ल्या पळत गेले. रस्त्यातल्या ओळखीच्यांना वाटलं असेल, कुणाचं तरी काहीतरी झालं.

मावशी टेबलाशी बसून दुकानातले सुटे भाग डब्यांत भरत होती. कुणाकुणाला देऊन टाकायचे म्हणून. काका वर्तमानपत्र वाचत होते. मी दारातूनच ओरडले, "मावशी, शिक्काच होता!"

"काय?"

"शिक्काच होता! रेडिओवर सांगितलं! तो ढोलवाला! तो गायक तुझ्याकडे आला होता, तू त्याला उभं ठेवलंस, बूट काढायला लावलेस!"

"अगं, श्वास घे," काका म्हणाले. "पाणी पी आधी."

मी पाणी प्यायले, अर्धं अंगावर सांडलं, आणि सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं, शेवट आधी आणि सुरुवात नंतर. मावशी ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हलेना. गायकाचं ऐकून ती म्हणाली, "एक माणूस आला होता खरा. बूट ओले होते त्याचे. माणूस चांगला होता, ऐकून घेतलं. पण तसे बरेच यायचे." एवढा मोठा गायक, आणि हिच्या लेखी ओले बूट! मग तिने डबा बाजूला ठेवला. "कार्ड वाचलं म्हणतेस. काय लिहिलं होतं? शब्द सांग."

मला कळलं, ती तपासते आहे. ते शब्द साहेबांनी एकदा वाचले होते, नंतर ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. आम्हाला तिने नुसतं शिक्का एवढंच सांगितलं होतं. मी डोळे मिटले आणि ढोलवाल्यांनी वाचलं तसं म्हटलं, "दोन मिनिटं अकरा सेकंद. वाद्य नाही. लाकडी मुठीचा रबरी शिक्का, जाड कागदावर. खालचं टेबल पोकळ आहे."

मावशीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग हळूच म्हणाली, "टेबल पोकळ होतं का?"

"होतं! तो म्हणाला, ड्रॉवरवालं टेबल होतं, ड्रॉवर रिकामा. म्हणाला, हे त्यांना कसं कळलं, हेच आम्हाला अजून कळलेलं नाही!"

"म्हणजे माझं बरोबर होतं," मावशी म्हणाली. आणि मग मोठ्याने, काकांकडे वळून, "अहो, माझं बरोबर होतं!"

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण ते उलटं होतं. "मी कधी नाही म्हटलं?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मी तर सरळ रडायलाच लागले. मावशी मात्र हसत होती. एकेचाळीस वर्षांचं ओझं उतरलेली बाई कशी दिसते, ते मी त्या दिवशी पाहिलं. दहा वर्षांनी लहान दिसते, आणि थोडी भांडकुदळ. तिने त्या साहेबांना दोन अशा शिव्या दिल्या, की काकांनी घाईघाईने खिडकी लावली. मग सुट्या भागांचे डबे उचलून पुन्हा फडताळात ठेवायला लागली. एक कान तर एक कान, म्हणाली, डाव्या बाजूने ऐकू.

मी म्हटलं, "आता ते गाणं ऐक."

"ऐकलंय की. सोळा वेळा."

"ते नाही गं. गाणं म्हणून ऐक."

ती घोटाळली. खरंच घोटाळली. "म्हणजे कसं ऐकायचं?"

शिकवण्यासारखी गोष्ट आहे का ती? मी म्हटलं, डोळे मिटू नकोस. घड्याळाकडे बघू नकोस. काही शोधू नकोस. तो माणूस काय सांगतोय तेवढं ऐक. मी मोबाईलवर गाणं लावलं आणि तो तिच्या डाव्या कानाजवळ धरला. सुरुवातीला तिची मान सवयीने कलती झाली, कपाळाला आठी पडली. मी तिच्या हातावर हळूच चापट मारली. मग आठी गेली. पहिल्या कडव्यात गायक म्हणतो, माझा चेहरा भिंतीभिंतीवर आहे आणि मी भिंतीच्या मागे उभा आहे. तिथे ती माझ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या कडव्यात तिचा पाय हलत होता, माझ्या मावशीचा पाय! काका वर्तमानपत्र खाली ठेवून तो पाय बघत बसले. तिसरं कडवं संपलं, सगळं थांबलं, ठक झालं, आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. गाणं पुढे गेलं आणि संपलं.

मला वाटलं, आता ती शिक्क्याबद्दल बोलेल, टेबलाबद्दल बोलेल. रेडिओवाल्यांना फोन करायचा होता, मी नंबर शोधून ठेवला होता.

"चांगलं आहे गं," मावशी म्हणाली. तिचे डोळे आत्ता कुठे भरले होते. "खूपच चांगलं आहे." मग ती जरा थांबली आणि तिने मला विचारलं, "बाकीची पण अशीच होती का?"

"कुठली बाकीची?"

"तिथली. आठ वर्षं रोज ऐकली ती."

काकांनी मान खाली घातली. मी नाक पुसलं, खुर्ची तिच्या डाव्या बाजूला ओढली आणि विचारलं, "कुठलं लावू?"

"मला काय माहीत?" मावशी म्हणाली. "कुठलंही लाव."